गिरणगाव पालटले, आता आपली पाळी



वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मला दिला. मी विदुषी नव्हे; लालबागच्या चाळीत संसार करून म्हातारी झालेली बाई. डोळ्यांदेखत घडले तेवढेच सांगते.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातले, घाटावरचे, तेलुगु पद्मशाली, मदनपुऱ्याचे मोमीन, उत्तरेकडचे असे सारे इथे आले. भाषा निरनिराळ्या, पण भोंगा सर्वांचा एकच.

माझ्या सासूबाईंची खाणावळ होती. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमचे जेवणारे गावी निघाले. "मामी, पगार झाला की देतो," म्हणाले. तो पगार कधी झालाच नाही. सासूबाईंनी उधारीची वही शेवटपर्यंत जपली, पण कुणाकडे मागितले नाही.

1991 साली देशाची दारे परदेशी व्यापाराला उघडली. त्याच वर्षीच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला ठरला. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. धुराड्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या. त्यात आपल्या मुलींना नोकऱ्या मिळाल्या, हेही खरे. मी नुसती रडणारी नाही. पण ज्यांच्या घामाने ही जमीन मोलाची झाली, त्यांतले कित्येक जण विरार-बदलापूरकडे गेले.

आता आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा कागद आला आहे. गॅलरीत तीन बैठका झाल्या. पुरुष बोलले, आम्ही चहा दिला. तिन्ही वेळा चहा मीच केला, याची मला आज लाज वाटते.

भगिनींनो, तुमच्याकडेही हा कागद येईल. सही होण्यापूर्वी तो वाचा, समजला नाही तर वकिलाला विचारा. घरावर तुमचे नाव लागेल का? दरमहाचा देखभालखर्च पेलेल का? काम रखडले तर भाडे कोण देणार? आणि आपल्या मंडळाला बसायला एक खोली राहील का?

चौथी बैठक येत्या रविवारी आहे. मी चहा करणार नाही, खुर्चीवर बसणार आहे.