माहितीची राखण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संगणक आणि मोबाइल यांच्या मार्गाने होणाऱ्या चोऱ्यांविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली. आम्ही संगणकशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करली आणि तीतूनच निवृत्त झालो. परंतु पोलीस खात्याच्या सूचना आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचण्याचा नाद निवृत्तीनंतर लागला, आणि त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवण्यास हरकत नाही असे वाटले. व्याख्यानाच्या अखेरीस आम्ही मंडळाकडे एक मागणी करणार आहोत. ती काही ज्येष्ठांना रुचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम पुण्याची हकीकत सांगतो. कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. आपल्यापैकी अनेकांच्या ठेवी अशाच सहकारी बँकांतून असतात. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बँकेवर दरोडा पडला. मात्र तिजोरीचे कुलूप कोणी फोडले नाही की पहारेकऱ्याला कोणी बांधून घातले नाही. आपण एटीएम यंत्रात कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र बँकेच्या मध्यवर्ती संगणकाला विचारते, 'या इसमाच्या नावे पैसे आहेत काय?' होकार आला की नोटा बाहेर पडतात. हे प्रश्नोत्तर ज्या मधल्या यंत्रणेतून जाते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी एक खोटा स्विच मध्ये बसविला. प्रश्न बँकेच्या खातेवहीपर्यंत पोहोचेचना. मधला तोतयाच प्रत्येक वेळी 'आहेत, द्या' असे उत्तर देऊ लागला. मग नकली कार्डे हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले. भारतात सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी निघाले. त्यात आपले कोल्हापूरही होते. सोमवारी, १३ तारखेस, बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेचा, म्हणजे स्विफ्टचा, उपयोग करून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात धाडले गेले. एकंदर रक्कम ९४ कोटी ४२ लाख.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या दरोड्याबाबत उत्तर कोरियाकडे बोट दाखविले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. ती सर्व येथली, यंत्रापुढे उभी राहणारी माणसे. ज्यांनी तोतया बसविला, ते या पिंजऱ्यात नव्हते.

ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, नुकसान बँकेचे आहे, असे बँकेने जाहीर केले. येथेच आम्हांस एक भेद दाखवावयाचा आहे. यंत्राला फसवून केलेली चोरी थांबविणे हे बँकेचे आणि सरकारचे काम. आपण खातेदार तेथे काही करू शकत नाही. माणसाला फसवून केलेली चोरी मात्र आपल्या घरात, आपल्या तोंडून 'हो' वदवून होते. आणि माणसाला फसविण्यास खोटा स्विच लागत नाही. त्याची खरी माहिती लागते.

ही माहिती चोरांस मिळते कोठून? मोठमोठ्या संस्थांच्या दप्तरांतून ती गळते. २०२१ साली एअर इंडियाने जाहीर केले, की तिच्या प्रवाशांची नोंद ठेवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या संगणकात घुसखोरी होऊन जगभरच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली. नाव, जन्मतारीख, संपर्काचा पत्ता, पारपत्राचा तपशील, हे सर्व त्यात होते, आणि नोंदी २०११ पासूनच्या होत्या. कंपनीने प्रवाशांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. सल्ला योग्यच होता. पण पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. आईचे माहेरचे आडनाव बदलता येत नाही. एकदा बाहेर गेलेली अशी माहिती माणूस जिवंत असेतोवर चोराच्या उपयोगी पडते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात नोव्हेंबर २०२२ मध्ये निराळाच प्रकार झाला. तेथे घुसखोरांनी संगणकातील नोंदीच कुलूपबंद करून टाकल्या, आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर कारभार हाकावा लागला.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. आपल्या ज्ञातीतील एका विधवा भगिनीवर जो प्रसंग गुदरला, तो त्यांच्या अनुमतीने, नावगाव न सांगता, येथे निवेदन करतो. त्यांच्या उपवर मुलीसाठी परदेशस्थ मुलाकडून विचारणा आहे, असा त्यांना फोन आला. बोलणाऱ्या गृहस्थांना मुलीची जन्मवेळ व नक्षत्र ठाऊक होते, दिवंगत यजमानांचे नाव व नोकरी ठाऊक होती, मामाचे गावही ठाऊक होते. भाषा मराठी, बोलणे मर्यादशील. दोन महिने संबंध वाढला. मग मुलाने पाठविलेली भेटवस्तूंची पेटी मुंबईस कस्टममध्ये अडकली, आणि तिच्या सोडवणुकीसाठी प्रथम थोडी, मग दंडाची, मग प्रकरण मिटविण्याची, अशी रक्कम मागितली गेली. लग्नासाठी ठेवलेल्या पुंजीतील मोठा हिस्सा गेल्यावर फोन बंद झाला. सहा दिवस त्यांनी कोणास काही सांगितले नाही. 'लोक मुलीलाच नावे ठेवतील,' हे त्यांचे भय होते. बंधुहो, या भयाचे कारण आपणच आहोत.

आता कठोर बोलावे लागते. ही माहिती आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीतूनच गेली, असे सिद्ध करणे शक्य नाही, आणि आम्ही तसा आरोप करीत नाही. पण त्या गृहस्थाने सांगितलेल्या सर्व गोष्टी आपल्या सूचीत एका मुलीच्या नावासमोर, एकाच ओळीत छापलेल्या आहेत. शेजारी मोबाइल क्रमांक आहे आणि वार्षिक उत्पन्नाचा रकाना आहे. पूर्वी ही सूची छापील होती. तीनशे प्रती निघत, त्या ज्ञातीच्या घरी फडताळात पडून राहत. आता तिची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते. तिच्या किती प्रती झाल्या आणि त्या कोणत्या देशी आहेत, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

अशीच माहिती हाताशी धरून दुसराही एक प्रकार चालतो, त्यास 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. पोलिसांचा गणवेष घातलेला माणूस मोबाइलच्या पडद्यावर येतो, आपले नाव-पत्ता बिनचूक सांगतो, 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले' असे म्हणून धमकावतो, आणि कॅमेऱ्यापुढून हलू नका, कोणाशी बोलू नका, असे फर्मावितो. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे स्वतः सांगितले. तरीही अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे खोटे हुकूमनामे दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना नाडण्यात आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तक्रारीची आपण होऊन दखल घेतली. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात अशा सर्व प्रकारच्या फसवणुकींत देशातील नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी तो आकडा ७,४६५ कोटी होता. यात सुशिक्षित, निवृत्त, सरळमार्गी माणसे पुष्कळ सापडतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही. जन्मभर सरकारी कागदाचा मान राखलेला माणूस मोहर पाहिली की वचकतो.

फसवणूक झालीच तर पहिल्या घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असतो. तो मध्येच कोठे तरी अडवावयाचा असतो, आणि सहा दिवसांनी तो अडत नाही. बँकेसही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढलेल्या परिपत्रकात हे तत्त्व घातले, की दोष खातेदाराचाही नाही व बँकेचाही नाही, मधल्या व्यवस्थेचा आहे, अशा प्रकरणी कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यास तोशीस लागू नये. आणि खातेदाराने स्वतःच ओटीपी सांगितला असला, तरी कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. तेव्हा लाजून बसण्यात शुद्ध तोटा आहे. बँकांचे संकेतस्थळही आता ओळखता येते: रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांच्या पत्त्याचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असा करण्यात आला आहे.

आता कायद्याविषयी. न्यायमूर्ती पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर याचिका केली, आणि तीतून २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यापुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा अधिनियम झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक कर्तव्यांना अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, काम संपले की नष्ट करावी, आणि ती गळाली तर ज्याची त्यास कळवावे, हा त्याचा गाभा. रक्षणात कसूर झाल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत सांगितला आहे. हा कायदा बड्या कंपन्यांसाठी आहे, आपल्यासारख्या संस्थेस त्याचे काय, असे एका सभासदांनी आम्हांस विचारले. त्यात 'व्यक्ती' या शब्दाच्या व्याख्येत नोंदणीकृत वा अनोंदणीकृत जनसमूहही येतो. आपण त्यात आलो.

परंतु आम्हांस दंडाची भीती घालावयाची नाही. शाळेत जनरल रजिस्टर नावाचे एक जाड पुस्तक असते. मुलाची जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, सर्व त्यात. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राही. लेखी अर्ज आल्याशिवाय त्यातला उतारा कोणास दिला जात नसे, मग अर्जदार गावचा पाटील का असेना. ते पुस्तक शाळेच्या मालकीचे नाही, मुलांच्या आईबापांनी विश्वासाने ठेवावयास दिलेली ठेव आहे, हे शिपायासही कळत होते. त्या मानाने आपल्या मंडळाची सूची उघड्या ओसरीवर पडली आहे.

ज्येष्ठांचा आक्षेप आम्ही जाणतो. परिचय वाढावा, स्थळे जुळावीत, म्हणूनच मंडळ निघाले. माहितीच झाकली तर मंडळ हवे कशाला? या सूचीने शेकडो संसार उभे केले आहेत, आणि ज्यांनी सायकलीवर हिंडून ती पहिल्यांदा जुळविली, त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण त्या काळी स्थळ पाहणारा मध्यस्थ दारी येई, त्याचे तोंड दिसे, त्याच्या गावी चौकशी करता येई. आजच्या मध्यस्थाचे तोंड दिसत नाही. म्हणून आमची मागणी अशी. सूचीत मुलामुलीचे पहिले नाव, जन्मवर्ष, शिक्षण व जिल्हा एवढेच छापावे. जन्मवेळ, पत्ता, उत्पन्न व फोन क्रमांक कार्यालयात राहावेत; मागणाऱ्याने सभासदक्रमांकासह अर्ज करावा, आणि मुलीच्या पालकांस विचारून मगच ते द्यावेत. ज्यांची लग्ने झाली त्यांचे अर्ज परत करावेत. कार्यालयाच्या माळ्यावर १९९४ पासूनचे गठ्ठे पडलेले आम्ही पाहिले आहेत. व्हॉट्सॲपवरील पीडीएफ आजपासून बंद करावी. यामुळे काही स्थळे चार दिवस उशिरा कळतील, हे खरे आहे, आणि ते आम्ही पत्करावे म्हणतो.

या आशयाचा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेसाठी चिटणिसांकडे दिला आहे. सूचक म्हणून आमची सही झाली आहे; अनुमोदकाची जागा तूर्त कोरी आहे.