ल्युबेकची बाळं



१९३० साली जर्मनीतल्या ल्युबेक शहरात नवजात बाळांना क्षयापासून बचाव करणारी बीसीजी लस तोंडावाटे पाजत होते. प्रयोगशाळेत त्या लशीत क्षयाचे घातक जंतू मिसळले गेले आणि कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. लस घेतलेल्या २५१ बाळांपैकी ७२ दगावली. विश्वासानं ती लस पाजू देणाऱ्या आया माझ्या मनातून जात नाहीत.

उरलेल्यांपैकी बहुतेक बाळं आजारी पडली, पण सावरली. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. लशीत मिसळलेल्या जंतूंचं प्रमाण कमीजास्त होतं, हे ती वाचण्याचं मोठं कारण. तरी प्रत्येक बाळाच्या रक्तानं दिलेलं उत्तर एकच असेल, असं मला वाटत नाही.

हे उत्तर असं असतं: एरवी श्वासातून फुप्फुसात शिरलेल्या जंतूला भक्षक पेशी गिळतात. क्षयाचा जंतू मोठा चिवट, गिळला गेल्यावरही पेशीच्या पोटात जगतो. त्याला मारण्याचं बळ त्या पेशीला येतं रक्तातल्या टी-पेशींकडून, इंटरफेरॉन गॅमा या रसायनाच्या रूपानं. या रसायनाचा निरोप घेणारं पेशीवरचं दारच जन्मतः बिघडलेलं असलं, तर एरवी निरुपद्रवी असणारी बीसीजीसुद्धा जिवावर बेतते. हा जनुकीय दोष १९९६ साली काही लहान मुलांमध्ये उलगडला. असे दोष दुर्मीळ. पण २०१८ साली टीवायके-२ या जनुकातला एक बदल पुढे आला. तो आई आणि वडील दोघांकडून आला, तर इंटरफेरॉन गॅमा पुरेसं तयार होत नाही. युरोपीय वंशाच्या साधारण ६०० माणसांत एकाची ही स्थिती असते, आणि तरीही त्यातल्या बहुतेकांना क्षय होत नाही, कारण जंतूशी त्यांची गाठच पडत नाही.

उलट प्रतिकाराचा अतिरेकही वाईट. क्षयानं फुप्फुसात पडणारी पोकळी बऱ्याच अंशी आपल्याच पेशींच्या माऱ्यानं पडते.

हे सांगण्याला कारण आहे. ‘त्यांच्या घराण्यात क्षय आहे,’ एवढ्यावर आपल्याकडे मुलींची स्थळं मोडली आहेत. जंतू वारशानं येत नाही. फार तर त्याला उत्तर देण्याची रक्ताची रीत येते, आणि तीही उपासमारीनं, मधुमेहानं कोलमडते. एकाच घरात दोघांना क्षय झाला, तर आधी आठवावी ती त्यांची एकच कोंदट खोली. अशा घरातल्या बाकीच्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. खोकला सुरू होण्याची वाट न बघता जा. लहान मुलांना सोबत न्या.