वग कोणाचा?
(शिरूर व दौंड येथील भाषणाचा मजकूर)

घोडनदीच्या कांठीं आम्ही वग रचावा, भीमेच्या कांठीं दुसऱ्यानें तो आपल्या नांवावर गावा. आणि जाब विचारला तर चोर आम्हीच! हें नवें नाहीं. १९३६ च्या 'संत तुकाराम' बोलपटांत सालोमालो तुकोबांवर हाच आळ घेतो. तुकोबांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाडे तेल्यांनीं लिहून ठेवले, ही केवढी सोय झाली! १९५७ चा कायदा रचणाराचा हक्क नोंदणीवांचूनहि मानतो, मरणानंतर ६० वर्षें. मात्र नुसत्या कल्पनेला तो विचारीत नाहीं. शब्द उतरलेले हवेत. म्हणून वग फडांत जाण्याआधीं वहींत लिहा, तारीख घाला, दोघां जाणत्यांच्या सह्या घ्या. लिहितां येत नसेल तर शाळकरी पोराला संताजी करा. आणि दुसऱ्याचें पद घेतलें असेल, तर त्याची परवानगी घेऊन भर फडांत त्याचें नांव सांगा.