बोरमाळ मोडण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली त्याबद्दल आधी सगळ्यांचं अभिनंदन. कमिटीने मला विषय दिला तो असा : दागिने घडवणाऱ्यांना नक्षी सुचते कुठून, आणि जुन्या काळी उन्हाळ्यात बायका कशा नटायच्या. कैरीची डाळ आणि पन्हं वाट बघतंय, त्यामुळे फार लांबवत नाही.

एक सोपी गोष्ट करू या. आपल्या दागिन्यांची नावं नुसती म्हणून बघा. बोरमाळ. बकुळीहार. जोंधळी पोत. जवमणी. चिंचपेटी. पोहेहार. केसात खोवायचा केवडा. पायाच्या बोटातल्या मासोळ्या. कुयरीचे झुबे. ऐकताना वाटतं सराफाच्या दुकानात आहोत की पेणच्या बाजारात? बोरं, बकुळ, जोंधळा, जव, चिंच, पोहे, केवडा, मासळी, कैरी. आता पेणच्या माणसाला पोहे काय हे मी सांगायला नको. याच दिवसांत आपल्या गच्चीवर पोह्याचे पापड वाळत असतात आणि त्याच पोह्याच्या नावाचा हार कुणाच्या तरी आजीच्या गळ्यात होता.

म्हणजे ज्याने पहिली बोरमाळ घडवली त्याने काय केलं? झाडाखाली पडलेलं बोर हातात घेतलं, त्याचा लांबट गोल बघितला आणि सोन्याच्या पातळ पत्र्याचा तसा मणी केला. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. 'डिझायनर' हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. पण काम तेच होतं, बघायचं आणि घडवायचं.

बरं, सोनं मोजायचं वजनसुद्धा रानातलंच. गुंज म्हणजे वेलीवरची ती लाल, काळ्या ठिपक्याची बी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. एक तोळा म्हणजे ९६ गुंजा, आजच्या हिशेबाने साधारण ११.६६ ग्रॅम.

आता उन्हाळ्याकडे येऊ. आपल्या कोकणात चैत्र-वैशाखात घामाच्या धारा लागतात. रोहा काय आणि पेण काय, दुपारी पंख्याखालून उठवत नाही. आणि नेमकं याच दिवसांत चैत्रगौर, अक्षय्यतृतीया, मुंजी, लग्नं. मग नटायचं कसं? जुन्या बायकांनी यावर फार शहाणा तोडगा काढला होता. बोरमाळ, मोहनमाळ, साजातले जवमणी हे दिसायला भरगच्च, पण आतून भरीव सोन्याचे नसतात. पातळ पत्र्याचा पोकळ मणी आणि आत लाख. त्यामुळे सोनं कमी लागतं, गळ्याला वजन होत नाही, आणि मणी चेपतही नाही. त्याच्या जोडीला मोती. मोत्याची कुडी म्हणजे तर चक्क एक फूलच. आणि बाकीची हौस फुलांवर. मोगऱ्याचा गजरा, अबोलीचा वळेसर, सोनचाफा, बकुळीची माळ. सुती लुगडं, दोन हलके दागिने आणि ताजं फूल, असा तो थाट. आजच्या भाषेत याला 'व्हिंटेज समर लूक' म्हणतात म्हणे!

बकुळ तर सुकली तरी वास जात नाही. ताजा गजरा संध्याकाळी उतरवून ठेवायचा, पण बकुळीहार पेटीत कायम. उन्हाळ्यातलं फूल वर्षभर गळ्यात राहावं म्हणून ते सोन्यात केलं, असं मला तरी वाटतं.

आज इथे दारात मुलींनी चैत्रांगण काढलंय. त्यात बघा, शंख आहे, कमळ आहे, चंद्र-सूर्य आहेत. आता कोल्हापुरी साज आठवा. जवमण्यांच्या मध्ये ती छोटी छोटी पानं असतात. त्यांतही चंद्र, शंख, कासव, भुंगा, नाग, बेलपान असे आकार. परंपरेने एकवीस पानांचा साज पूर्ण धरतात. त्यातली दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईताचं. अंगणातली रांगोळी आणि गळ्यातला साज ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. एक पिठाने काढलेलं, एक सोन्याने.

आता कुणी म्हणेल, हे आपलं घरगुती कौतुक झालं. जगात याला कोण विचारतो? तर ऐका. पॅरिसच्या कार्तिए या नामांकित जवाहिऱ्यांच्या घराण्यातला जॅक कार्तिए १९११ साली दिल्ली दरबाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला. इथले पानाफुलांच्या आकारात कोरलेले माणिक, पाचू, नीलम त्याने बघितले. पुढे या घराण्याने तसेच कोरीव खडे घेऊन पानं-फळं-फुलांनी लगडलेले हार आणि ब्रेसलेट घडवले. आज 'टुटी फ्रुटी' या नावाने ती शैली जगभर ओळखली जाते आणि तिच्या जुन्या नगांवर लिलावात मोठमोठ्या बोली लागतात. टुटी फ्रुटी म्हणजे आपल्याकडे केकमध्ये घालतात तेच नाव! थोडक्यात, ज्या पानाफुलांकडे आपण रोज बघतो, ती बघायला तो माणूस समुद्र ओलांडून आला.

दुसरी गोष्ट बडोद्याची. गायकवाडांचं मराठी संस्थान, त्यामुळे ती आपल्या घरचीच म्हणायची. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी यांच्याकडे हिरे-पाचूंचे तोडे होते, पायात घालायचे. ते अमेरिकेतल्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेले. त्याने ते मोडले, खडे काढले आणि त्यांचा गळ्यातला हार केला. तो घेतला डचेस ऑफ विंडसर यांनी, म्हणजे ज्यांच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली त्या बाईंनी. १९५७ साली न्यूयॉर्कच्या एका समारंभात त्या हा हार घालून आल्या आणि तिथे सीतादेवीही होत्या. लोक हाराचं कौतुक करू लागले तेव्हा महाराणी म्हणाल्या, हो, माझ्या पायातही हे खडे छान दिसायचे! डचेसने तो हार जवाहिऱ्याला परत केला, असं सांगतात.

आपण हसतो. पण त्यातली खरी नुकसानीची बाब निराळी आहे. पाचू शिल्लक राहिले, हिरे शिल्लक राहिले, किंमतही शिल्लक राहिली. तोडे मात्र गेले. ते कसे गुंफले होते, पायावर कसे बसायचे, हे आता हातात घेऊन कुणालाच बघता येणार नाही.

आणि हेच आज आपल्या घराघरात चाललंय. कपाटातली आजीची बोरमाळ "जुन्या फॅशनची" म्हणून आपण मोडीत काढतो आणि त्या सोन्याचं काहीतरी नवं करतो. गंमत म्हणजे, मग एखाद्या मालिकेतल्या नायिकेच्या गळ्यात बोरमाळ दिसली की तशीच पॉलिशवाली विकत आणतो.

जरा हिशेब करू. समजा, माळ २० ग्रॅम भरली. त्यात लाख आणि दोरा ४ ग्रॅम. म्हणजे सोनं १६ ग्रॅम. ते २० कॅरेटचं निघालं, तर शुद्ध सोनं सुमारे १३.३ ग्रॅम. २२ कॅरेटमध्ये धरलं तर साधारण साडेचौदा ग्रॅम. आता नव्या दागिन्याची घडणावळ समजा १५ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी. वरून एक पैसा न घालता तुमच्या हातात येणार जेमतेम सव्वाबारा ग्रॅमचा दागिना. शिवाय वितळवताना घट धरली तर आणखी कमी. सोनाराने यात फसवलेलं नाही, सगळा हिशेब सरळ आहे. पण सोनं घटलं आणि घडणही गेली.

घडण गेली की ती परत करणारा हातही राहत नाही. हा धक्का एकदा बसून गेला आहे. जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, तेव्हा मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. १९६८ला त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. या काळात कितीतरी सोनारांनी धंदा सोडला, मुलांना दुसऱ्या कामाला लावलं. मणी गाठून देणारे पटवेकरी तर आता शोधावे लागतात.

पण मंडळी, आपलं गाव निराळं आहे. आपल्या पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे भागात वर्षभर दागिने घडतात, फक्त ते सोन्याचे नसतात. ते गणपतीच्या अंगावर असतात. मुकुट, कंठी, बाजूबंद, तोडे, कमरपट्टा, कानातली भिकबाळी. आता उन्हाळ्यात कारखान्यात गेलात तर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दिसतील. त्यांवर आधी रंग, मग सोनेरी, मग बारीक खड्यांचं काम. किती पुरुष आज भिकबाळी घालतात? पण गणपतीच्या कानात ती दरवर्षी असते, म्हणून ती कशी दिसते हे आपल्या नातवंडांना ठाऊक आहे. जे दागिने माणसांच्या अंगावरून उतरले, ते या कारागिरांनी देवाच्या अंगावर जपले.

अशीच मदत चित्रकारांनी केली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी शंभर वर्षांपूर्वी काढलेली मराठी बायकांची चित्रं बघा. नथ कोणत्या घाटाची, पाटल्यांच्या मागेपुढे काय, अंबाड्यात काय खोवलंय, सगळं त्यात सापडतं. नव्या मुलींनी डिझाइन शिकताना परदेशी कॅटलॉगच्या आधी ही चित्रं बघावीत.

आता तुम्ही विचाराल, मग काय, मोडूच नये का? असं मी म्हणणार नाही. सोनं अडीनडीलाच असतं. मुलीची फी भरायची आहे, घरात आजारपण आहे, तर खुशाल मोडा आणि मनाला लावून घेऊ नका. आजीने ते त्यासाठीच ठेवलं होतं. पण नुसती फॅशन बदलली म्हणून मोडायला निघालात, तर थोडं थांबा आणि चार गोष्टी करा.

पहिली, दागिन्याचं नाव घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारून वहीत लिहा. कुणाचा, कुठल्या गावाहून आला, कधी घालायचे. फोटो काढा, पुढून आणि मागूनही, कारण खरी कारागिरी मागे दिसते. हे फोटो घरातच ठेवा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि वजनासकट तर मुळीच टाकू नका!

दुसरी, दुरुस्ती होते का बघा. बऱ्याचदा दागिना खराब झालेला नसतो, दोरा कुजलेला असतो. माळ नव्याने गाठून घेतली की ती आणखी पुष्कळ वर्षं चालते. खर्च घडणावळीच्या मानाने किरकोळ.

तिसरी, जुनी नथ, तन्मणी किंवा कुडी असेल तर मोती सहज देऊन टाकू नका. मोड घेताना वजन सोन्याचं होतं आणि मोती बाजूला पडतात. त्यात बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती असू शकतात. नैसर्गिक आणि कल्चर्ड मोत्यातला फरक प्रयोगशाळेत एक्स-रेने कळतो, नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. घरात मोती वापरताना अत्तर आधी, मोती नंतर. उतरवल्यावर मऊ सुती कापडाने घाम पुसा. उन्हाळ्यात हे विसरू नका.

चौथी, हॉलमार्कची भीती बाळगू नका. १६ जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सराफांना हॉलमार्कचे दागिने विकणं सक्तीचं झालं. २२ कॅरेटवर ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. नवा दागिना घेताना ते जरूर बघा. पण तुमच्या पेटीतल्या जुन्या दागिन्यावर शिक्का नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, की घरात ठेवणं गुन्हाही ठरत नाही. शंका असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातून शुद्धता तपासून घ्या.

शेवटचं सांगते ते समोर बसलेल्या मुलींसाठी. तुमच्यातल्या दोघी-तिघी दागिन्यांचा कोर्स करतायत असं मला कळलं. बोर, बकुळ आणि कुयरी आधीच्यांनी केली. पण करवंद अजून कुणी केलंय का? रोह्याच्या वाटेवर याच दिवसांत करवंदाच्या जाळ्या भरतात. हिरवं, मग लाल, मग काळं, आणि तोडल्यावर देठाला चिकाचा पांढरा थेंब. पाचू, माणिक, काळा मणी आणि एक मोती, सगळं रंगकाम झाडानेच करून ठेवलंय. कुंडलिकेच्या काठचं शंखशिंपलं आहे, जांभूळ आहे, सुरंगी आहे. जॅक कार्तिएला त्यासाठी बोटीने यावं लागलं. तुम्हाला गेटबाहेर पडलं तरी पुरे.

पुढच्या चैत्रगौरीला प्रत्येकीने घरातला एक जुना दागिना घालून यावं आणि त्याचं नाव सगळ्यांना सांगावं, एवढीच माझी विनंती. दागिना नसेल तर नाव तरी आणा. तेही तितकंच मोलाचं आहे.

 चला, पन्हं गरम व्हायच्या आत थांबते.