फाइल कुठे आहे?

आज एखादं सॉफ्टवेअर हवं असलं की आपण नाव टाकतो, बटण दाबतो आणि चहा गाळून होईपर्यंत ते संगणकात उतरलेलंही असतं. 1990 च्या सुमारास मात्र फाइल उतरवणं ही फार पुढची गोष्ट होती. ती जगातल्या कुठल्या संगणकावर आहे, इथूनच अडायचं.

वेब अजून लोकांच्या हाती आलं नव्हतं. होती ती एफटीपी, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली नेण्याची पद्धत. अनेक विद्यापीठं आपल्या संगणकाचा एक कोपरा परक्यांसाठी उघडा ठेवत. नाव विचारलं की 'अनॉनिमस' लिहायचं आणि पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता द्यायचा, एवढाच शिष्टाचार. मग 'पब' नावाच्या फोल्डरात शिरायचं, आधी 'बायनरी' अशी आज्ञा द्यायची आणि नंतर 'गेट'. 'बायनरी' राहून गेलं, तर प्रोग्रामला साधा मजकूर समजून ओळींच्या शेवटाची चिन्हं बदलली जात आणि आलेली फाइल बिनकामाची ठरे. घरच्या 14.4 किलोबिटच्या मोडेमवर एका फ्लॉपीत मावेल एवढी फाइल यायला, सगळं सुरळीत झालं तरी, जवळजवळ पाव तास लागे. म्हणजे 'बायनरी' विसरलं, तर तेवढा वेळ पाण्यात!

दारं उघडी होती, पण कुठल्या घरात काय आहे, याची यादी कुणाकडेच नव्हती. ती तयार झाली कॅनडात, मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात. अ‍ॅलन एम्टेज हा बार्बाडोसहून शिकायला आलेला तरुण तिथल्या संगणकशास्त्र विभागाची यंत्रणाही सांभाळत होता. विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांना लागणारं फुकट सॉफ्टवेअर शोधून देणं हे त्याच्याच गळ्यात पडलेलं काम. रोज उठून तेच ते कोण करणार? त्याने छोटे प्रोग्राम लिहिले. ते रात्री एकेका एफटीपी केंद्रावर जात, फाइलींच्या नावांची यादी घेऊन येत आणि शोध मग मॅकगिलमध्ये बसूनच घेता येई. पीटर डॉइच आणि बिल हीलन या सहकाऱ्यांच्या मदतीने 1990 मध्ये ही सोय सगळ्या जगाला खुली झाली. तिचं नाव 'आर्ची'. इंटरनेटवरचं पहिलं सर्च इंजिन म्हणतात ते हेच.

आर्चीला फाइलच्या पोटात काय आहे, ते कळत नसे. त्याला फक्त नाव ठाऊक. पण त्याच्या कामात एक समंजसपणा होता. हजारो लोकांनी प्रत्येक दार ठोठावत हिंडण्यापेक्षा एकाने अधूनमधून जाऊन सगळ्यांसाठी विचारून यावं, म्हणजे यजमानांवर भार पडत नाही. पुढे ऑस्ट्रेलिया, फिनलंड, ब्रिटन अशा देशांतही आर्चीची केंद्रं उभी राहिली.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीमुळे. तिच्या स्वस्तातल्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या शेल खात्यावर फाइल दोन टप्प्यांत यायची: आधी व्हीएसएनएलच्या संगणकावर, मग फोनच्या तारेवरून घरी. तोवर वेबचा बोलबाला सुरू झाला होता आणि आर्ची मागे पडत चालला होता.

एम्टेज यांनी आर्चीच्या तंत्राचं पेटंट घेतलं नाही. 2017 मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेमने त्यांचा गौरव केला. शोध घेणं हाच आज जगातला एक अवाढव्य धंदा आहे. त्याची सुरुवात मात्र पगारी कामातला कंटाळा टाळायला झाली आणि जे हाती लागलं ते सगळ्यांना वापरू दिलं गेलं. कंटाळ्याचा इतका सदुपयोग क्वचितच कुणी केला असेल.