मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया आणि एक जीवनसत्त्व



 आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तेव्हा वाचून जे समजले आणि घराघरांत जे दिसते, तेवढेच आपणापुढे ठेवीत आहोत.

भात-भाकरीने ताकद येते, डाळ-मासळीने शरीर बांधले जाते. परंतु हे काम सुरळीत चालावे म्हणून काही द्रव्ये अगदी अल्प प्रमाणात लागतात. त्यांतील बहुतेक अन्नातूनच मिळवावी लागतात. हीच जीवनसत्त्वे. अ, ड, इ आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि शरीरात साठतात. ती बचत खात्यातील शिल्लक समजा. क आणि ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. त्यांची शिल्लक फार दिवस पुरत नाही, भरणा वरचेवर करावा लागतो.

सर्वच जीवनसत्त्वांविषयी आज बोलता येणार नाही. म्हणून ब गटातील एकच घेतो, फॉलिक आम्ल. कारण त्याची कथा आपल्या मुंबईतच सुरू झाली.

वरंध, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यातून किती माणसे गिरण्यांत गेली, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या गिरण्यांत स्त्रियाही राबत. गरोदरपणी त्यांच्यापैकी अनेकींचे रक्त भयंकर कमी होई. अंग पांढरेफटक पडे, धाप लागे, कित्येक जणी दगावत. याचा शोध घेण्यासाठी 1928 साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांनी त्या स्त्रियांच्या ताटाकडे पाहिले. ज्यांच्या आहारात भाजी, फळे आणि प्रथिने कमी, त्या गरीब घरच्या स्त्रियांनाच हा आजार जास्त होता. माकडांना तसाच आहार दिला, तर त्यांचेही रक्त कमी झाले. मग यीस्टपासून बनवलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क दिला आणि रक्त भरून आले. रुग्ण स्त्रियाही त्याने सुधारल्या. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

अर्कातील ते द्रव्य कोणते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून फॉलिक आम्ल हे नाव पडले. पुढे ते प्रयोगशाळेत तयार करण्याच्या कामात आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता.

म्हणजे औषध पानात होते, पण ते पान गरिबाच्या ताटात नव्हते. मित्रहो, आपल्याकडे ते पान दाराशी आहे. शेवग्याचा पाला, माठ, चवळई, पावसाळ्यात टाकळा. त्याखेरीज वाल, मूग, चवळी ही कडधान्ये आहेत. वालाचे बिरडे हे केवळ सणाचे जेवण नव्हे, फॉलिक आम्लाचे भांडार आहे. मात्र हे जीवनसत्त्व फार उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात उतरते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवावी आणि पाणी टाकू नये. शेवळासारख्या खाजऱ्या रानभाजीची गोष्ट वेगळी, तिला जुन्या रीतीनेच शिजवावे.

रक्तासाठी लोह आणि ब-12 हेही हवेतच. ब-12 मासळी, अंडी, दूध यांतून मिळते; गरिबाची सुकट येथे उपयोगी पडते. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर भाजीतील लोह चांगले लागू पडते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते कमी मिळते.

2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 54 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. लुसी विल्स यांच्या शोधानंतर नव्वद वर्षांनी ही स्थिती आहे! कारणे पुष्कळ असतील. पण एक कारण आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आधी पुरुष जेवतात, मग मुले, आणि घरची बाई शेवटी. तोवर भाजीचे भांडे रिकामे होते. उरतो भात आणि कालवणाचे पाणी. गरोदरपणी फॉलिक आम्लाची गरज दुपटीहून अधिक होते, आणि त्याच बाईच्या वाट्याला सर्वांत कमी येते. हा हिशेब कोणत्याही खतावणीत जुळणारा नाही.

आशाताई आणि परिचारिका लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. मळमळते म्हणून त्या फळीवर पडून राहतात. तसे करू नये. त्रास झाल्यास आरोग्य केंद्रात विचारावे. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो, तेव्हा पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही काळजी लग्नाच्या वयापूर्वीच, शाळकरी मुलींपासून सुरू व्हावी. परंतु आपल्या मनानेही औषध घेऊ नये. ब-12 कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेतले तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही परीक्षेसाठी जीवनसत्त्वांचा तक्ता पाठ करता. तो घरी आईला वाचून दाखवा. आणि आज रात्री सर्वांनी एकत्र जेवायला बसा, भाजी आधी आईच्या ताटात वाढा. त्याला पैसा लागत नाही, फक्त मनाची तयारी लागते.