नाव पटावर, मूल कुठे?



‘विद्यार्थ्यांचे यश आणि स्वास्थ्य’ हा आपल्या या परिषदेचा विषय साताऱ्याला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये इथे छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले ते ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या बळावर. मूल शिकायला हवे तर आधी ते जेवले का, हे पाहावे लागते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत श्रेयांक आहेत, मूल्यांकन आहे, नॅकचे मानांकन आहे. मेस मात्र एकाही सत्रात नाही. संयोजक घरचेच आहेत, म्हणून एवढे बोललो.

मुले नापास होऊन कॉलेज सोडतात, असे आपण धरून चालतो. पुष्कळ जण त्याआधीच जातात, कोणाला न सांगता. जावळीच्या डोंगरातून येणारी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. पहिली एसटी चुकली की प्रॅक्टिकल बुडते. प्रॅक्टिकल बुडाले की जर्नल अपुरे राहते, आणि जर्नलवर सही नाही म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला जायची तिला धास्ती वाटते. शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी काढून परत आलेला असतो. त्याचा मेसेज वडिलांच्या, रिचार्ज संपलेल्या मोबाइलवर. दिवाळीनंतर ती येत नाही. पटावर नाव मात्र वर्षअखेरपर्यंत असते. हुशारीत ती कुठेच कमी नव्हती. महिनाभर हजेरी घसरत होती, तेव्हा ‘का गं, काय झालं?’ एवढे कोणी विचारले नाही.

हे विचारायला आपल्याकडे मेंटॉर नेमलेले असतात. त्यांची रजिस्टरेही मी पाहिली आहेत: वर्षभराच्या सह्या, एकाच पेनाने, बहुधा एकाच दुपारी केलेल्या. पहिल्या सत्राचे पहिले सहा आठवडे दर शनिवारी हजेरी पाहावी आणि गैरहजर मुलाला ओळखीच्या शिक्षकाने स्वतः फोन करावा. माझ्या लेखी सगळ्यात आधी करायचे काम हे. त्यासाठी अॅप लागत नाही, खर्चही नाही.

मनाच्या दुखण्यांकडेही आता डोळेझाक करता येणार नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. समुपदेशन कक्षाची पाटी आपण लावतो, पण कुठे? ऑफिसच्या खिडकीसमोर, जिथे फीची रांग असते. एवढ्या लोकांदेखत त्या दारातून आत कोण जाईल? कक्ष ग्रंथालयाकडे हलवा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येते, तो ओळखपत्राच्या मागे छापा.

दुपारचे जेवण मुलांच्याच मेसमध्ये आहे. पाहुण्यांसाठी वेगळी टेबले मांडलेली नाहीत. ताट घ्यावे, जागा मिळेल तिथे बसावे. दुपारच्या सत्रात मुलेच बोलणार आहेत. त्यांच्यासाठी वेळ संपल्याची घंटा वाजवू नये, अशी सत्राध्यक्षांना विनंती आहे.